मांजर त्याचं की तिचं

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वेल्समधली वेल्श आणि फिलिपिन्समधली तागालोग, या भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, मग तुलना कशाला, असं तुझे सर म्हणाले आणि तू लगेच विषय बदलायला निघालीस. विषय बदलू नकोस. पत्रासोबतचा तो तक्ता मात्र फाडून टाक. ‘क्रियापद आधी’ या रकान्यात दोन्ही भाषांपुढे बरोबरची खूण केलीस आणि पुढच्या रकान्यात गेलीस. अगं, खरं काम तिथेच तर सुरू होत होतं.

आधी ऐक, मग जुळव. हे मी या पत्रात तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

मी जहाजावर थर्ड इंजिनियर असताना आमच्या इंजिन रूममध्ये फिलिपिन्सच्या बातांगासकडचा एक मोटरमन, म्हणजे इंजिनावरचा कामगार, होता. वॉच, म्हणजे माझी पाळी, संपवून वर आलो की विचारायचा, ‘कुमाइन का ना?’ जेवलास का? आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला विचारतात ना, अगदी तसंच. ‘काइन’ म्हणजे खाणं. त्या शब्दाच्या पोटात ‘उम’ घातलं की ‘कुमाइन’ होतं. ‘कुमाइन नांग मांग्गा आंग बाता’ म्हटलं तर बोलणं मुलाबद्दल आहे: त्याने आंबा खाल्ला. ‘किनाइन नांग बाता आंग मांग्गा’ म्हटलं की बोलणं त्या आंब्यावर आलं: तो आंबा मुलाने खाल्ला. ज्या ताटलीत खाल्ला तिच्याबद्दल बोलायचं असेल तर ‘किनाइनान’. ‘आंग’ हा छोटा शब्द ज्याच्या आधी उभा आहे त्याचं या खाण्यात काय काम होतं, हे क्रियापद सांगतं. मुलाने आंबा खाल्ला, मुलाने कैरी खाल्ली, असं म्हणताना आपलं क्रियापदही खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूमागे जातं, म्हणून आपल्याला हे पटकन कळायला हवं. पण सारखं आहे असं लिहू नकोस. आपल्याकडे ते मुख्यतः क्रिया पुरी झाल्यावर होतं, तिथे सगळीकडे.

फिलिपिन्सच्या बाताआन प्रांतात १६१० साली तागालोगचं व्याकरण छापलं गेलं. लिहिणारा स्पॅनिश पाद्री. लॅटिनच्या साच्यातून बघायची सवय, म्हणून ‘किनाइन’सारखी रूपं त्या परंपरेत ‘कर्मणी’ ठरली. बाजारात, स्वयंपाकघरात दिवसभर बोललं जाणारं साधं वाक्य कर्मणी! हा शिक्का पुढे कित्येक पिढ्या पुसला नाही. तुझा तक्ता हेच करतोय.

आता वेल्श. ‘ग्वेलोध अ वेर्ख गी’, म्हणजे मुलीने कुत्रा पाहिला. क्रियापद पहिलं, खरं आहे. पण कुत्र्याचा मूळ शब्द ‘की’ आहे, तो इथे ‘गी’ का झाला? मुलीचा ‘मेर्ख’, तो ‘वेर्ख’ का झाला? वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आणि वाक्यातल्या जागेप्रमाणे बदलतं. मांजर म्हणजे ‘काथ’. ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ या दोन्हींना शब्द एकच, ‘इ’. पण त्याचं मांजर ‘इ गाथ’ आणि तिचं मांजर ‘इ खाथ’. मालक पुरुष की बाई हे सांगतो मांजराचा ‘क’. आणि तागालोगमध्ये? ‘पुसा निया’. त्याचं की तिचं, कळायचा प्रश्नच नाही, तो भेद त्या भाषेने ठेवलेलाच नाही. बघ, एकाच मांजरात केवढं सापडलं, आणि तुझ्या तक्त्यात मांजराला जागाच नव्हती.

मी वेल्श आधी पुस्तकातून शिकलो. वेल्समधल्या कार्नारव्हन गावात राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारणीच्या मांजराला ‘इ गाथ’ म्हणालो. समोरच्या आजींनी विचारलं, ‘नवऱ्याचं का?’ नियम मला पाठ होता. तोंडात नव्हता. आधी ऐक, मग जुळव.

त्याच गावात बेकरीत विचारतात, ‘ओइस बारा आर ओल?’ पाव उरलाय का? उत्तर येतं, ‘ओइस.’ आहे. ‘हो’ला सगळीकडे चालेल असा एकच शब्द त्यांच्याकडे नाही, बहुतेकदा विचारलेलं क्रियापदच परत करायचं. चहा आहे का? आहे. मला तिथे घरी आल्यासारखं वाटलं. तागालोगमध्ये सरळ ‘ओओ’ म्हणतात, पण ‘तायो’ आणि ‘कामी’ म्हणजे आपले ‘आपण’ आणि ‘आम्ही’. वेल्शला दोन्हींसाठी एकच ‘नी’. मग मराठी कुणाची बहीण? वेल्शची, लांबची. ‘की’ आणि संस्कृत ‘श्वा’ एकाच मुळाचे. उलट तागालोगमध्ये चेहऱ्याला ‘मुखा’ आणि शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, तरी ती आपली कुणी नाही. समुद्रावरून आलेले ते शब्द. नातं वेगळं, उसनवारी वेगळी आणि निव्वळ सारखेपणा वेगळा. तुझ्या सरांना हे लिहून दाखव. संबंध नाही म्हणूनच तर तुलना करायची: एकमेकींना कधीच न भेटलेल्या दोन भाषा क्रियापद पुढे ठेवतात आणि पुढे त्यांचे रस्ते किती लांब जातात!

मीसुद्धा चारशे पानांचे तक्ते केले होते. एका प्रकाशकाने ते परत पाठवले. घरचे अजून म्हणतात, दुसरीकडे द्यायला हवे होते. मी दिले नाहीत ते बरोबरच केलं. त्यात ऐकलेली वाक्यं वीससुद्धा नव्हती. नाव छापून आलं नाही याचं मला काही वाटत नाही, आणि मी हे मनाची समजूत घालायला म्हणत नाही. वाटतं ते वेगळ्याचंच. तो मोटरमन नऊ महिने माझ्याशेजारी होता आणि मी केबिनचं दार लावून वहीत शब्द उतरवत बसायचो. तो साइन ऑफ करून जहाजावरून गेला तेव्हा माझ्याकडे बाराशे शब्द होते आणि त्याची एकही गोष्ट नव्हती. त्याला मुलं किती, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

पुढच्या पत्रात तक्ता नको. दोन्ही भाषांची दहा-दहा वाक्यं पाठव. कोण बोललं, कुणाला बोललं, तेव्हा हातात काय होतं, तेही लिही. वेल्शसाठी कुणी मिळत नसेल तर रविवारी संध्याकाळी मला फोन कर, समोरच्या आजी इथेच असतात. त्यांना मांजराबद्दल विचार.

तुझा,
काका