डबल हेडर म्हणजे नक्की काय?

आयपीएलमध्ये शनिवार-रविवारी कॉमेंटेटर "आज डबल हेडर आहे" म्हणतात, त्याचा अर्थ तुम्ही विचारलाय. सोपं सांगायचं तर एकाच दिवशी पाठोपाठ दोन मॅचेस, पण त्या कोणाच्या हे खेळानुसार बदलतं आणि घोळ तिथेच होतो.

शब्द रुळला तो अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. तिथे त्याच दोन टीम एका दिवसात दोनदा भिडतात, बऱ्याचदा आधीची एखादी मॅच पावसात गेलेली असते ती अशी भरून काढतात. आता पहिल्या मॅचला ज्या पिचरने बॉल टाकटाकून हात दुखवून घेतलाय तो दुसरीला कुठून येणार, म्हणून त्या दिवशी टीमला २६ ऐवजी २७ खेळाडू ठेवता येतात. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला तर डबल हेडरच्या मॅचेस ९ ऐवजी ७ इनिंगच्याच केल्या होत्या.

आयपीएलमध्ये साडेतीनला दोन टीम, साडेसातला वेगळ्याच दोन, बहुतेकदा शहरंही वेगळी. खेळाडू एकदाच खेळतात, डबल असतं ते बघणाऱ्यांसाठी. आणि एकाच टीमला मध्ये जेमतेम विश्रांती मिळून लागोपाठ मॅचेस आल्या तर त्याला बॅक टू बॅक म्हणायचं, ते वेगळं.

मला सगळ्यात आवडतो तो तिसरा प्रकार, एकाच ग्राउंडवर आधी बायकांची मॅच मग पुरुषांची. ३१ मार्च २०१६, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या सेमीफायनल, वानखेडे. मी अकाउंट्सवाला, मार्च एंड, त्यामुळे दुपारची वेस्ट इंडिज-न्यूझीलंड महिलांची मॅच हुकली याचं अजून वाईट वाटतं, वेस्ट इंडिजने ती ६ रन्सनी काढली. रात्री पुरुषांची भारत-वेस्ट इंडिज मॅच, घरी आलो तर आपले १९२ झालेले, विराट नाबाद ८९, वाटलं झालं काम. पण वेस्ट इंडिजचा सिमन्स दोनदा कॅच आऊट झाला आणि दोन्ही वेळा नो बॉल, एकदा अश्विनचा एकदा पंड्याचा, त्याने नाबाद ८२ मारून मॅच नेली.

३ एप्रिलला ईडन गार्डन्सवर फायनललाही तसंच डबल हेडर. दुपारी वेस्ट इंडिजच्या महिलांनी ऑस्ट्रेलियाला हरवलं, रात्री पुरुषांच्या फायनलला त्यांच्याच ब्रेथवेटने शेवटच्या ओव्हरला सलग चार सिक्स मारून मॅच जिंकली आणि दुपारी जिंकलेल्या त्या सगळ्या जणी धावत ग्राउंडवर येऊन पुरुषांच्या टीमबरोबर नाचल्या.