ग्रीक घरगुती उपाहारगृहात शाकाहारी पाहुणे

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त अथेन्सला असते आणि येत्या जूनमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. घराजवळच्या, एक कुटुंब चालवत असलेल्या उपाहारगृहात आम्हाला जेवायला न्यायची तिची फार इच्छा आहे. आम्ही अंडेही खात नाही. तेथे आमचे पोटभर जेवण होईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नक्की होईल. ऑर्थोडॉक्स पंथाच्या उपवासांत मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असल्यामुळे ग्रीक घरांत भाज्या-कडधान्यांचा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. या उपवासाच्या पदार्थांना तिकडे ‘नीस्तीसिमो’ म्हणतात. मात्र त्यात कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात, म्हणून केवळ तेवढे विचारून थांबू नका. मांस, मासे, अंडी आणि मांसाचे पाणी यांपैकी काहीही नको, असे मुलीकडून बसताक्षणीच सांगवा. घरचीच माणसे रांधत-वाढत असल्याने कशात काय पडले आहे, हे त्यांना नेमके ठाऊक असते, आणि असे विचारण्यात त्यांचा अवमान मुळीच नाही.

‘लादेरा’ म्हणजे ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्या अवश्य मागवा. त्यात टोमॅटोत शिजवलेली आपली भेंडीसुद्धा असते, आणि ताटलीत उरलेले लालसर तेल पावाने टिपून खाणे तिथे रीतीचेच आहे. हे पदार्थ बहुधा आधी करून ठेवतात आणि कोमटच वाढतात, तेव्हा गरम करून मागण्याची घाई करू नका. भात भरलेले टोमॅटो आणि द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या यांत कधी खिमा असतो, तो विचारून घ्या. पिवळ्या डाळीचा घट्ट ‘फावा’, भट्टीत भाजलेले मोठे पांढरे घेवडे आणि लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी यांवर चौघांचे जेवण सहज होते, कारण ताटल्या मध्ये ठेवून सगळ्यांनी मिळून खायच्या असतात.

फेटा चीज मेंढीच्या, काही वेळा थोड्या बकरीच्याही दुधाचे असते आणि ते विरजायला परंपरेने कोकराच्या जठरातील द्रव्य वापरतात. तुम्हाला ते चालत नसेल, तर कोशिंबिरीवरून वगळायला सांगा.

रात्रीचे जेवण तेथे ९ नंतरच रंगते, म्हणून संध्याकाळी काहीतरी खाऊन निघा. न मागता आलेल्या पावाचे थोडे पैसे बिलात लागतात, ही फसवणूक नव्हे. शेवटी फळे किंवा रव्याचा हलवा बहुधा घरच्यांकडून आपुलकीने येतो, तो नाकारू नका. बिल मात्र मागितल्याशिवाय सहसा आणत नाहीत.