धंदा वाढवायचा आहे, पण घर जायला नको

(वाचकांचे प्रश्न, नागपूरच्या एका कंपनी सेक्रेटरीची उत्तरं)

प्रश्न : मॅडम, नमस्कार. महालात आमचं जुनं घर आहे, सासऱ्यांच्या नावावर. मी आणि माझी धाकटी जाऊ पाच वर्षांपासून सावजी मसाला आणि तिखट करून विकतो. किराणा दुकानं, खानावळी मिळून वर्षाची विक्री 38 लाखांवर गेली आहे. खर्च जाऊन सहाएक लाख उरतात, ते दोघी निम्मे-निम्मे घेतो. जीएसटी, अन्न परवाना, उद्यम नोंदणी, बँकेचं खातं, सगळं माझ्या एकटीच्या नावावर आहे. आता एका दुकानसाखळीच्या खरेदी अधिकाऱ्याने विचारलं, "तुमची कंपनी आहे का?" कळमन्याचे मिरचीवाले चार-पाच लाखांचा माल उधारीवर देतात, आणि नव्या चक्कीसाठी कर्जही काढायचं आहे. सासरे म्हणतात, धंदा बुडाला तर घर जाईल, आधी कंपनी काढा. आमचे अकाउंटंट म्हणतात, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) काढा. कुणाचं ऐकावं?
— दोघी जावा, महाल

उत्तर : ताई, सासऱ्यांच्या काळजीचं आधी बघू, कारण तुमच्या पत्रात खरी भीती तीच आहे. घर त्यांच्या नावावर आहे. धंद्याचं देणं आज तुमच्या नावावर आहे. मिरचीवाल्याचे पैसे थकले तर तो तुमचे दागिने, तुमची ठेव, तुमच्या नावाचं जे काही असेल त्यावर कोर्टातून येऊ शकतो. सासऱ्यांच्या घरावर येऊ शकत नाही. घर धोक्यात जाण्याचा रस्ता एकच: त्यांनी जामीनदार म्हणून सही करणं किंवा घर गहाण टाकणं. ते टाळलं, तर कंपनी नसतानाही घर सुरक्षित आहे. आणि ती सही केली, तर कंपनी असूनही घर सुरक्षित नाही. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

मला काळजी वाटते ती तुमच्या जावेची. तुम्ही नफा निम्मा वाटता, काम दोघी करता. 1932 च्या भागीदारी कायद्याला भागीदारी व्हायला लेखी करार लागत नाही. एकत्र धंदा करून नफा वाटून घेणं, हे कोर्टात सिद्ध झालं की तुम्ही भागीदार. मग प्रत्येक भागीदार धंद्याच्या पूर्ण देण्याला जबाबदार, निम्म्याला नाही. म्हणजे कुठल्याही कागदावर नाव नसताना तिच्यावर अख्खं देणं येऊ शकतं, आणि उद्या तुमचं काही बिनसलं तर तिच्या पाच वर्षांच्या मेहनतीचा पुरावाही नाही. फक्त एवढ्यासाठीसुद्धा तुम्ही रचना बदलायला हवी.

कंपनी किंवा एलएलपी नोंदली की कायद्याच्या नजरेत एक वेगळी व्यक्ती जन्माला येते. 1897 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॅलोमन नावाच्या बूट-व्यापाऱ्याच्या खटल्यात हे ठाम सांगितलं: जवळपास सगळे शेअर एकट्याचे असले तरी कंपनी वेगळी आणि माणूस वेगळा. आपल्याकडेही तेच तत्त्व चालतं. मिरची एलएलपीने घेतली तर पैसे एलएलपीने द्यायचे. ती बुडाली तर तुमचं नुकसान तुम्ही घातलेल्या भांडवलापुरतं.

पण हे संरक्षण कुठे थांबतं, हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते. एलएलपीच्या वतीने दिलेला चेक परत आला, तर कारभार पाहणाऱ्या व्यक्तीवर फौजदारी खटला होतो. मसाल्यात भेसळ निघाली, तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली जबाबदार म्हणून नेमलेली व्यक्ती कंपनीच्या आड लपू शकत नाही. खासगी (प्रायव्हेट लिमिटेड) कंपनीचा जीएसटी थकला आणि कंपनीकडून वसूल झाला नाही, तर तो संचालकांकडून वसूल करता येतो. तो आपल्या गंभीर हलगर्जीपणामुळे थकला नाही, हे त्यांनीच सिद्ध करायचं असतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बँक. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक मालकांची वैयक्तिक हमी मागते. ती सही केली की त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी संपली. मे 2021 मध्ये ललितकुमार जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण मिटलं, म्हणून हमी देणारा आपोआप सुटत नाही.

म्हणून चक्कीच्या कर्जासाठी बँकेत जाल, तेव्हा पहिल्याच बैठकीत सांगा की कर्ज सीजीटीएमएसईच्या हमीखाली हवं आहे. छोट्या उद्योगांच्या कर्जाची बँकेला हमी देणारा, केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेने 2000 साली सुरू केलेला हा ट्रस्ट आहे. त्याखालच्या कर्जाला तारण आणि तिसऱ्या माणसाची जामीनकी लागत नाही. हमीचं शुल्क भरावं लागेल आणि तुम्हा दोघींची वैयक्तिक हमी बँक बहुधा मागेल, पण सासऱ्यांना बोलावण्याचं कारण उरत नाही. बँकेतला माणूस "घराची कागदपत्रं आणा, काम लवकर होईल" असं म्हणाला तर घाई करू नका. कर्ज महिनाभर उशिरा मिळालं तरी चालेल.

आता कंपनी की एलएलपी. तुमच्या अकाउंटंटचं मत मला पटतं. दोघीच मालकीण, बाहेरचा गुंतवणूकदार नाही, नफा घरी न्यायचा आहे, अशा धंद्याला एलएलपी पुरते. उलाढाल 40 लाखांपर्यंत किंवा भांडवल 25 लाखांपर्यंत असेल तर एलएलपी कायद्याखाली ऑडिटची सक्ती नाही. प्रायव्हेट लिमिटेडला एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट लागतंच. एलएलपीवर आयकर सरसकट 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर, हे ऐकून लोक दचकतात. तुमचा हिशोब करून दाखवते. काम करणाऱ्या भागीदारांना दिलेला पगार खर्चात धरता येतो: पहिल्या सहा लाखांच्या नफ्यावर 3 लाख किंवा 90 टक्के, यातलं जे जास्त ते. सहा लाखांतले 5 लाख 40 हजार तुम्हा दोघींचा पगार झाला, उरलेल्या 60 हजारांवर कर 18,720 रुपये. पगाराचे दोन लाख सत्तर हजार तुमच्या हातात आल्यावर, दुसरं उत्पन्न नसेल तर, नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य.

मात्र त्यासाठी पगार करारात लिहिलेला हवा. एलएलपी करार हा या सगळ्या कामाचा जीव आहे आणि लोक नेमका तोच इंटरनेटवरून उतरवून घेतात. करार केला नाही, तर एलएलपी कायद्याचं पहिलं परिशिष्ट लागू होतं. त्यात नफा समान आणि कामाचा मोबदला कोणालाच नाही! धाकटी सकाळी सहापासून चक्कीवर उभी राहत असेल आणि तुम्ही हिशोब आणि दुकानं बघत असाल, तर कोणाला किती पगार, एकीला बाहेर पडायचं असेल तर तिला किती रक्कम, एकीचं बरंवाईट झालं तर तिच्या जागी कोण, हे आत्ताच लिहा. शेवटचा मुद्दा टाळू नका. एलएलपीत एकच भागीदार उरली आणि तिने ते माहीत असताना सहा महिन्यांच्या पुढे तसाच धंदा चालवला, तर त्या काळातल्या देण्याला ती व्यक्तिशः जबाबदार ठरते.

खरेदी अधिकाऱ्याला एकदा ईमेल करून विचारा, एलएलपी चालेल का. बहुतेकांना हवं असतं ते नोंदणीकृत नाव, पॅन आणि जीएसटी. त्यांनी प्रायव्हेट लिमिटेडच हवी असं लेखी सांगितलं, तर मग ती काढा. किमान दोन भागधारक, दोन संचालक, आणि किमान भांडवलाची अट 2015 पासून नाही. एलएलपीचं पुढे कंपनीत रूपांतर होतं, त्यामुळे आज घेतलेला निर्णय कायमचा नाही.

नोंदणी सगळी कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होते, त्यासाठी मुंबईला चकरा माराव्या लागत नाहीत. दोघींच्या डिजिटल सह्या, पॅन, आधार, फोटो, आणि जागेसाठी महावितरणचं ताजं बिल व सासऱ्यांचं ना-हरकत पत्र. या पत्राला ते घाबरतील. त्यांना सांगा, हे फक्त पत्ता वापरायची परवानगी देतं. घराची मालकी इंचभरही हलत नाही. एक लाखापर्यंतच्या भांडवलाला नोंदणीचं सरकारी शुल्क 500 रुपये आहे, पाच लाखांपर्यंत 2,000. मुद्रांक शुल्क आणि आमच्यासारख्यांची फी वेगळी. ती आधी लेखी ठरवून घ्या, आणि पहिल्या वर्षाची विवरणपत्रं त्यात धरली आहेत का ते विचारा. नोंदणीनंतर 30 दिवसांत करार दाखल करायचा असतो.

नोंदणी झाली की काम संपलं असं समजून बरेच जण थांबतात, आणि नवी एलएलपी कपाटात ठेवून जुन्याच नावाने माल घेत राहतात. तसं केलं तर काहीच संरक्षण नाही. जीएसटी क्रमांक नवा, अन्न परवाना नवा, बँक खातं नवं. प्रत्येक बिलावर एलएलपीचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित जबाबदारीचा उल्लेख कायद्याने लागतो. कळमन्याच्या व्यापाऱ्यांना सांगून त्यांची बिलंही एलएलपीच्या नावे काढायला लावा. जुनी उधारी तुमचीच राहते. ती फेडून टाका, किंवा व्यापाऱ्याकडून लिहून घ्या की यापुढे ती एलएलपीकडून घेईन. मसाल्याच्या पुड्यावरच्या नावाचा ट्रेडमार्कही वेगळा करावा लागतो. कंपनीचं नाव नोंदलं म्हणजे ब्रँड तुमचा झाला असं नाही. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ट्रेडमार्कच्या अर्जाचं मालाच्या एका वर्गासाठी ऑनलाइन शुल्क 4,500 रुपये आहे.

प्रश्न : मी एकटाच सॉफ्टवेअरची कामं करतो, वर्षाला नऊ लाख मिळतात. मित्र म्हणतात वन पर्सन कंपनी काढ, वजन वाढतं. काढू का?
— त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमच्या डोक्यावर कर्ज नाही, उधारी नाही, माणसं कामाला नाहीत. माझं मत, सध्या नको. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला कर पडत नाही. कंपनीला 22 टक्क्यांची सवलतीची प्रणाली घेतली तरी अधिभार-उपकर धरून 25.17 टक्के पडतो, शिवाय दरवर्षीचं ऑडिट. तुमचा धोका असेल तर तो ग्राहकाशी केलेल्या करारात आहे. काम बिघडलं तर माझी जबाबदारी मिळालेल्या फीपुरतीच, असं कलम त्यात घालून घ्या. पुढे माणसं घेतली, मोठी कामं आली, की वन पर्सन कंपनीचा विचार करा. तेव्हा एक वारसदार नेमावा लागेल, आणि त्याची लेखी संमती लागेल. पूर्वीची दोन कोटींच्या उलाढालीची मर्यादा 1 एप्रिल 2021 पासून गेली आहे, त्यामुळे वाढीला अडसर नाही.

प्रश्न : 2022 मध्ये मित्रासोबत प्रायव्हेट लिमिटेड काढली. धंदा सुरूच झाला नाही, कंपनीच्या खात्यात एक रुपया भरला नाही, कुठलंही विवरणपत्र भरलं नाही. मित्र आता हैदराबादला असतो. काही केलं नाही तर कंपनी आपोआप बंद होते ना?
— बेसा

उत्तर : नाही, दादा. कृपा करून हे पत्र वाचल्याच्या आठवड्यात कामाला लागा. कंपनीचे ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र असे दोन फॉर्म दरवर्षी असतात, आणि उशिराला प्रत्येकी दिवसाला 100 रुपये, त्याला वरची मर्यादा नाही. एका वर्षाच्या दोन फॉर्मना वर्षभर उशीर झाला की 73 हजार रुपये. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, इतर कोणत्याही कंपनीतसुद्धा. 2017 मध्ये तीन लाखांहून जास्त संचालकांवर ही वेळ आली होती, आणि त्यांत धंदा कधीच न केलेले असंख्य होते.

शिवाय भांडवल भरल्याची घोषणा नोंदणीपासून 180 दिवसांत द्यायची असते, तीही राहिली आहे. कंपन्यांची नोंद ठेवणारे सरकारी निबंधक स्वतःहून कंपनीचं नाव काढून टाकू शकतात, पण त्याने संचालकांच्या मागची जबाबदारी सुटत नाही. योग्य मार्ग असा: थकलेले फॉर्म दंडासह भरायचे, मग नोंदीतून नाव काढण्याचा एसटीके-2 अर्ज 10 हजार रुपये शुल्क भरून करायचा, सोबत शपथपत्र, हमीपत्र आणि अर्जाआधीच्या 30 दिवसांतला हिशोब. 2018 आणि 2020 मध्ये मंत्रालयाने दंडसवलतीच्या योजना आणल्या होत्या. अशी योजना सुरू असेल तर तिचा लाभ नक्की घ्या. नसेल तर तिची वाट पाहत बसू नका, दिवसाचे पैसे चढतच राहतात. शपथपत्र आणि हमीपत्र दोघाही संचालकांना द्यावं लागतं. म्हणून आजच मित्राला फोन करा आणि त्याच्या डिजिटल सहीची मुदत संपली आहे का, ते आधी विचारा.