मामांनी हात केला की काय करायचं

अरे नवीन लायसन्स मिळालंय ना, मग पुण्यात अलका चौकात नाहीतर कर्वे रोडला कधीतरी मामा, म्हणजे ट्रॅफिक पोलीस, हात करणारच, तेव्हा गल्लीत गाडी घालून पळायचं डोकं चालवू नकोस. नंबरचा फोटो निघतो आणि दंडाचं चलन मोबाईलवर येतं, वर पळताना कुणाला धडकलास तर वेगळंच लफडं. इंडिकेटर देऊन डावीकडे घे, गाडी बंद कर, हेल्मेट काढून बोल. आपापसात मामा ठीक, तोंडावर साहेबच म्हणायचं.

गाडीचे कागद आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये ठेव, ते 2018 पासून चालतात, पण गॅलरीतला फोटो किंवा झेरॉक्स दाखवून वाद घालू नकोस, तिथेच माझा एकदा अर्धा तास गेला होता. पीयूसी आणि इन्शुरन्सची तारीख आजच बघ, लोक नेमके तिथेच अडकतात. लायसन्स जप्त केलं तर पावती मागायचीच. चलन चुकीचं वाटलं तर रस्त्यात भांडू नकोस, ऑनलाइन तक्रार करता येते. रोख देऊन 'मिटवून टाका' तर अजिबात नको.

आणि मागे बसलेल्या मित्राला आधीच सांग, तू गप्प बस, काकांची ओळख काढू नकोस, त्यानेच पाचशेचं प्रकरण वाढतं.