वाचकांचे प्रश्न : उन्हाने तापलेली हवा आणि गॅसचं बिल

प्रश्न : कॅनडात ब्रॅम्प्टनला आमचं मसाले पॅकिंगचं वेअरहाऊस आहे. धूळ आणि वास बाहेर फेकणारे पंखे दिवसभर चालतात. तेवढीच थंड हवा बाहेरून आत घ्यावी लागते आणि ती गॅसवर तापवावी लागते. दक्षिणेच्या भिंतीवर भोकं पाडलेला काळा पत्रा लावा, असं एक ठेकेदार सांगतो. खरंच फायदा होतो का?

उत्तर : होतो, आणि तो तुमच्यासारख्यांनाच होतो. ज्यांना दिवसा भरपूर बाहेरची हवा घ्यावीच लागते, त्यांच्यासाठीच ही सोय आहे. आतलीच हवा फिरवून गरम ठेवणाऱ्या गोदामाला फारसं काही मिळत नाही.

पत्रा भिंतीपासून १५-२० सेंटीमीटर पुढे बसवतात. भोकं साधारण दीड मिलिमीटरची असतात. पंखा मागच्या पोकळीतून हवा खेचतो, त्यामुळे पत्र्याला लगटून तापलेली हवा वाऱ्याने उडून जायच्या आत भोकांतून आत येते. म्हणून काच लागत नाही. भिंतीतून बाहेर झिरपणारी उष्णताही त्याच हवेबरोबर परत मिळते. तुमच्याकडे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर असतो, त्यामुळे उभ्या भिंतीवर ऊन चांगलं पडतं. समोर बर्फ असेल तर त्याचा उजेड वेगळा.

हिशेब असा. ताशी ८,००० घनमीटर हवा लागत असेल आणि दर चौरस मीटर पत्र्यामागे ताशी ८० घनमीटर धरली, तर १०० चौरस मीटर पत्रा हवा. भिंतीवर चौरस मीटरला ६०० वॉट ऊन असताना उणे ५ची हवा साधारण ९-१० अंशांवर येते, म्हणजे जवळजवळ ३९ किलोवॉटचं काम फुकटात होतं. पुढचं तापमान तुमचा हीटर गाठेल. ढगाळ दिवशी आणि रात्री भार त्याच्यावरच, तेव्हा तो काढायचा नाही.

ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचारा : चौरस मीटरला हवा किती? हवा कमी ओढली की ती हाताला छान गरम लागते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण तापलेला पत्रा तीच उष्णता बाहेर सोडत असतो. शिवाय पत्र्याच्या दोन बाजूंमध्ये निदान २५ पास्कल दाबाचा फरक हवा. नाहीतर पंख्याजवळची भोकं सगळी हवा ओढतात आणि लांबच्या कोपऱ्यात वारा हवा उलटी बाहेर काढतो.

बिघडतं ते बहुधा कडांना. फ्लॅशिंग, म्हणजे कडा झाकणारी पत्र्याची पट्टी, नीट सील नसेल, तर पंखा भोकांऐवजी फटीतून थंड हवा ओढतो. ट्रक लागतात त्या दाराजवळ पत्रा नको, डिझेलचा धूर थेट मसाल्यावर येईल. उन्हाळ्यासाठी बायपास डॅम्पर, म्हणजे पत्रा टाळून बाहेरची हवा थेट आत घेणारी झडप, घ्याच. पुढे कधी पत्रा रंगवायचा झाला, तर रंगाऱ्याने भोकं बुजवली नाहीत ना, हे स्वतः पाहा.

प्रश्न : पुण्यात आमचं चार मजली ऑफिस आहे. वीजबिल कमी करायला हे लावावं का?

उत्तर : नको. तुमचं बिल गारव्याचं आहे, उबेचं नाही. तोच पैसा गच्चीवरच्या सोलर पॅनेलमध्ये आणि पश्चिमेच्या खिडक्यांवरच्या सावलीत घाला.

प्रश्न : जळगाव जिल्ह्यात आमचं कांदा सुकवण्याचं युनिट आहे. ड्रायरला ६० अंशांची हवा लागते, ती एलपीजी बर्नरवर करतो. छतावर ५० चौरस मीटर हवेचे कलेक्टर (उन्हाने हवा तापवणाऱ्या काचेच्या पेट्या) बसवले तर किती गॅस वाचेल?

उत्तर : स्वच्छ दिवशी चौरस मीटरवर ५ युनिट (किलोवॉट-तास) ऊन आणि ४५ टक्के कार्यक्षमता धरा. दिवसाला ११२ युनिट उष्णता मिळते. बर्नरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर १० किलोच्या आसपास गॅस वाचतो, म्हणजे १९ किलोची अर्धी टाकी. पावसाळ्यात हा आकडा विसरा. मात्र तेव्हाही थोडं ऊन कामाला येतं : २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा नुसती १० अंश तापली तरी आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली उतरते.

आपल्याकडे उभी भिंत चालत नाही, सूर्य फार वर असतो. कलेक्टर दक्षिणेकडे तोंड करून २०-२५ अंश कलते ठेवा. वर ४ मिलिमीटरची टफन्ड काच, आत मॅट काळा पत्रा, मागे उष्णता अडवायला ५० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची गादी. रॉकवूलवर पत्रा मारून घ्या, नाहीतर तंतू कांद्यात जातील. स्वस्त पडतो म्हणून थर्माकोल घालू नका. वीज गेली आणि ब्लोअर थांबला की आतलं तापमान १००च्या वर जाऊ शकतं, थर्माकोल त्याआधीच आकसतो.

जोडणी ताज्या हवेच्या वाटेवर, बर्नरच्या आधी करा. ड्रायरमधून परत येणारी गरम हवा कलेक्टरमधून फिरवलीत, तर तो जवळजवळ काहीच देणार नाही. जितकी गार हवा आत जाईल, तितकी जास्त कमाई. बर्नर मात्र तापमान पाहून ज्योत कमी-जास्त करणारा हवा. एकाच ज्योतीवर जळणारा असेल, तर ऊन मिळूनही टाकी तितकीच लागते, आणि दोष कलेक्टरला मिळतो.

ब्लोअर कलेक्टरच्या पुढे बसवून हवा ओढणार असाल, तर फटीतून धूळ आत येईल. मागून ढकलणार असाल, तर गरम हवा बाहेर जाईल. खाण्याच्या मालासाठी मागून ढकलणंच बरं, ब्लोअरच्या तोंडाशी फिल्टर लावून. जोडणी झाल्यावर ब्लोअर चालू ठेवून प्रत्येक सांध्याशी अगरबत्ती धरा. धूर उडाला की तिथे जास्त तापमान सोसणारं सिलिकॉन भरा. काळ्या रंगाचा वास जाईपर्यंत काही दिवस ड्रायर रिकामा चालवा. काच दर आठवड्याला, पण पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.