शेंगाचटणीवर आळ घेऊ नकोस

बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा नवी पेठेत भेटलास तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेला होता. मे महिन्यात सोलापुरात सगळेच बांधतात, पण तू घरात पंख्याखाली बसल्यावरही सोडला नाहीस. रात्री तुझ्या आईचा फोन आला. पोरानं शेंगाचटणी सोडली, बाजरीची भाकरी सोडली, 'उष्ण पडतं, मुरुम येतात' म्हणतो.

हा उद्योग मीही तुझ्या वयात केलाय. आत्यानं सांगितलं म्हणून वर्षभर शेंगदाण्याला हात लावला नाही. हुरड्याच्या दिवसांत सगळे रानात बसून चटणीबरोबर ताव मारायचे आणि मी गुळाचे खडे चघळत बसायची. मुरुम जिथल्या तिथं. शेंगा सोडून मी गूळ वाढवला होता, हे कळायला पुढं पोषणशास्त्र शिकावं लागलं.

चटणीला सुटलेलं तेल काही गालावर येऊन बसत नाही. वयात येताना संप्रेरकांमुळं त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशी चिकटून छिद्राला बूच बसतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. खाण्याचा संबंध असतो तो असा: साखर-मैद्यानं रक्तातली साखर झपकन चढते, तिच्यामागं इन्सुलिन वाढतं, त्यानं आयजीएफ-१ नावाचं वाढीचं द्रव्य जोर धरतं, आणि ते तैलग्रंथींना आणखी चिथावतं.

ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग 2007 मध्ये छापून आला. 15 ते 25 वयाची 43 मुलं, बारा आठवडे. साखर सावकाश चढेल असं जेवण ज्यांना दिलं, त्यांचे फोड सरासरी 23 नी कमी झाले. बाकीच्यांचे 12 नी. बाकीच्यांचेही कमी झाले बरं का, आणि 43 म्हणजे काही फार पोरं नव्हेत. आहारानं फरक पडतो, पण सगळं खापर ताटावर फोडू नकोस. घराण्याचा वारसाही असतोच. तुझ्या बाबांचे लग्नातले फोटो बघ.

आता तुझा दिवस मोजू. टपरीवर पाच-सहा कट चहा, त्यात साखर चमचा-दीड चमचा तरी, सोबत खारी नाहीतर बिस्किटं. दुपारी थंडगार बाटली. 300 मिलीच्या गोड पेयात सात-आठ चमचे साखर सहज असते. आणि जिमवाल्यानं दिलेला तो पावडरचा डबा! त्यातली व्हे पावडर म्हणजे दुधातलाच अंश. ती सुरू केल्यावर मुरुम उसळलेली जिमची पोरं डॉक्टरांनी नोंदवलीत, माझ्याकडंही येतात. आधी तो डबा बंद कर. प्रोटीनसाठी अंडी आहेत, मटकी आहे, आणि ज्यांच्यावर तू रुसलास त्या शेंगा आहेत. साध्या दुधाबद्दलचा पुरावा मला कच्चा वाटतो. घरचं वाटीभर दही खुशाल खा.

पण एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशानं फरक पडला ते कळायचं नाही. पहिला महिना फक्त डबा बंद. मग बाटली. मग चहाची साखर. वहीत तारीख टाकून रविवारी एकाच खिडकीपाशी फोटो काढ. रोज आरशात बघून काही समजत नाही. आज दिसणाऱ्या फोडाची सुरुवात कित्येक आठवड्यांपूर्वी झालेली असते.

आणि ती ट्यूब. 'आठ दिवसांत गोरा' करणारी, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. आधी चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते आणि मुरुम दुपटीनं येतात. माझ्या पुतणीला असंच एका दुकानदारानं दिलं होतं, पूर्ववत व्हायला वर्ष गेलं. तुझी ट्यूब घेऊन आधी त्वचारोगतज्ज्ञाकडं जा. फोड खोल असतील, दुखत असतील, खड्डे पडायला लागले असतील, तर माझ्या पथ्याची वाट बघत बसू नकोस, औषध लागेल.

शनिवारी तुझा मामा येतोय, त्याच्याबरोबर कडक भाकऱ्या आणि चटणी पाठवते. तिखट कमी केलेलं नाही.

तुझी,
मावशी