अर्ज दे, पोच घे

प्रिय बाळा,

रविवारी फोनवर तुझ्यावर ओरडलो. माझ्यासारखंच तुलाही कमी दिसतं, म्हणून कॉलेजकडे परीक्षेतल्या सवलती माग, एवढंच सांगत होतो. "काका, मला वेगळं काही नको, सगळ्यांसारखीच परीक्षा देईन," असं तू म्हणालीस आणि माझा ताबा सुटला. कारण हेच वाक्य १९८४ साली मी म्हटलं होतं, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. तेव्हा माझ्यावर ओरडायला कोणी नव्हतं.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा कुठे प्राचार्यांना भेटलो. फळा दिसत नाही, पेपरातली अक्षरं एकमेकांत मिसळतात, मी सांगेन ते उतरवणारा लेखनिक मिळाला तर बरं होईल, असं सांगितलं. माणूस भला होता. "बघू, करू काहीतरी," म्हणाले, पाठीवर हात ठेवला. मी तरंगत घरी आलो. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांनी परवानगीचा कागद मागितला. माझ्याकडे दाखवायला होतं काय? एक 'बघू'. मग स्वतःच लिहिलं. ओळीवर ओळ चढली, दोन विषय गेले, वर्ष गेलं. वडिलांना वाटलं, पोरानं अभ्यासच केला नाही.

म्हणून सांगतो, अर्ज दे, पोच घे. तोंडी काही मागू नकोस.

मला निदान एक सबब होती. तेव्हा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाच नव्हता, पहिला आला तो १९९५ मध्ये. तुझ्या हातात २०१६ चा आहे. तुझ्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांहून जास्त लिहिलंय, म्हणजे लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं वाढीव वेळ तुला मिळायला हवा. तीन तासांच्या पेपरला एक तास. "तुला काय बाई, तासभर जास्त," असं मैत्रिणी म्हणतील याची तुला धास्ती. म्हणू देत. तुला एक परिच्छेद वाचायला किती वेळ लागतो ते त्यांनी घड्याळ लावून बघितलंय का? आणि लिहिताना हात आखडणारा तुझा तो मित्र, ज्याला "४० टक्के नाहीत" म्हणून वाटेला लावलं, त्यालाही सांग. नेमक्या अशाच त्रासाच्या एका उमेदवाराच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये निकाल दिलाय. लेखनिक फक्त ४० टक्केवाल्यांसाठीच, असं म्हणता येणार नाही. तोही अर्ज देईल. पोच घेईल.

आईचं म्हणणं मला कळतं. दिव्यांगांचं कार्ड काढलं, चार लोकांना कळलं, तर लग्नाच्या वेळी अडचण. ही भीती खोटी नाही, तिच्यावर चिडू नकोस. पण कॉलेजच्या ऑफिसला सांगणं म्हणजे वर्गाला सांगणं नव्हे. वर्गात कोणाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. ऑफिसला मात्र जूनमध्येच कळलं पाहिजे, मार्चमध्ये नाही.

अर्जात गयावया नको. 'कृपावंत होऊन' वगैरे तर मुळीच नको. प्रमाणपत्राचा क्रमांक, कोणत्या विषयाला काय हवं, कधीपर्यंत हवं, एवढंच. लेखनिक हवा की मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, हे तूच लिही. त्यांना ठरवू दिलंस तर त्यांना सोपं पडेल ते देतील. आणि नोट्सचं लिही, ते सगळे विसरतात. सर व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचे फोटो टाकतात. फोटोतलं अक्षर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आपणहून वाचत नाही. मराठीच्या मॅडम श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल देतात, ती एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ऐकून बघ एकदा, भुताटकी झाल्यासारखं वाटतं! युनिकोडमधलं, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो तसलं मराठी, त्याला नीट वाचता येतं. 'नोट्स युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मिळाव्यात', हे एक वाक्य तुझी तीन वर्षं सुसह्य करील.

अर्जाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. क्लार्क म्हणेल, "ठेवून जा, मी सरांना देतो." ठेवून जायचं नाही. उभं राहायचं. शिक्का सापडत नसेल तर सापडेपर्यंत उभं राहायचं. नाहीच दिली पोच, तर स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती जपून ठेव. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथवर जायची वेळ आलीच, तर पहिला प्रश्न हाच येणार, कॉलेजला कधी कळवलंत?

बँकेत मला 'अर्जदार' म्हणायचे. टेबलावरच्या दिव्यासाठी अर्ज, मोठ्या मॉनिटरसाठी अर्ज. एक मॅनेजर खरंच सज्जन होते. दिव्याचा अर्ज हातात घेऊन म्हणाले, "अहो, नुसतं बोलला असतात तरी आणून दिला असता." त्यांना लागलं ते. नंतर बोलणं कामापुरतं राहिलं, माझ्या निवृत्तीच्या समारंभालाही आले नाहीत. बायको अजून म्हणते, त्या एका माणसाशी तरी कागदाविना वागायचं होतंत. पण सहा महिन्यांत त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, हा दिवा कोणाच्या परवानगीनं? मी फाइल काढून दिली. दिवा राहिला. मग माझं काय चुकलं? सज्जन माणसाची बदली होते, कागदाची होत नाही. हे बायकोला इतक्या वर्षांत पटवून देता आलेलं नाही, ते सोड.

गुरुवारपर्यंत अर्जाचा मसुदा मला पाठव, सुधारून देतो. आणि काल प्रमाणपत्राचा फोटो पाठवलास तो मला कसा वाचता येणार, वेडाबाई? क्रमांक टाइप करून पाठव.

तुझा
काका